हरभऱ्यात उडालेली पंगत

बाजारात सोले आले की आमच्या घरातलं सगळंच हिरवं होतं. सोले म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगांतले दाणे. पुण्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, आणि समजावून सांगितलं तरी चव काही त्याच्यापर्यंत पोचत नाही. आमचे हे पिशवी भरून शेंगा आणतात, ओट्यावर उन्हात पेपर पसरतात आणि मांडी घालून सोलायला बसतात. आयुष्यभर बसस्थानकावर कंट्रोलर होते. मेहकर, जालना, नांदुरा अशा गाड्या पुकारण्यात नोकरी गेली. आता रिटायर झाले, पण गळ्यातला माईक काही निघाला नाही. शेंगा संपल्या की स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगतात, "सोले तयार आहेत, संबंधितांनी नोंद घ्यावी." संबंधित म्हणजे मी. मी तिथूनच म्हणते, "गाडी लेट आहे, अजून वांगी चिरायची आहेत."

ही थट्टा आमच्याकडे रोजची. पण हे दिवस आले, सकाळी पाणी हाताला चावायला लागलं, दुपारच्या उन्हातून उठवेना झालं, की मला ती एक सुगी आठवते. त्या सुगीत आमच्या घरात थट्टा बंद पडली होती.

चिखलीहून आमच्या गावाकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाभळी आहेत. कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन त्यांच्या काट्यांना कापूस अडकलेला असतो. लहानपणी मी तो वेचून बाहुलीची उशी करायची. तुरीची खळी चालू असली की हवेतच तिची बारीक धूळ असते, घसा खवखवतो आणि सगळं गाव एका सुरात खोकतं. आणि हरभरा! पहाटे दव पडलेल्या हरभऱ्यावरून नुसतं बोट फिरवावं आणि चाटावं. आंबट, खारट. शेतातून चालत गेलं की लुगड्याचा काठ भिजून तोही आंबट होतो, असं माझी आई म्हणायची. तिनं काठ चाटून पाहिला होता की काय, हे विचारायचं राहूनच गेलं.

आमचं चर्च गावाच्या कडेला आहे. टिनाचं छप्पर, पुढं एक मोठा कडुलिंब, तारेचं कुंपण, आणि कुंपणाला लागून आमच्या दादांचं शेत. दादा म्हणजे माझे थोरले दीर, मनोहरदादा. सासरे लवकर गेले, तेव्हा दादांनीच आमच्या ह्यांना वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं आणि माझ्यासारखी बायकोही पाहून दिली. यातलं शेवटचं उपकार की अपकार, ते हे अजून ठरवू शकलेले नाहीत. चर्चच्या खिडकीतून दादांचा हरभरा दिसतो. उपासना लांबली की पाळकसाहेबांच्या उपदेशाबरोबर हरभऱ्याचा वासही आत येतो, आणि पोरांचं कशाकडे लक्ष असतं ते सांगायला नको.

तुरी घरात आल्या, खळी आटोपली की एका रविवारी आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सगळ्या लोकांचा, आभाराचा सण असतो. ज्याच्या शेतात जे पिकलं ते तो वेदीपुढे आणून ठेवतो. कुणी तुरीचं पोतं, कुणी भोपळा, कुणी पाय बांधलेली कोंबडी. ती कोंबडी प्रार्थनेच्या ऐन शांततेत बोलतेच. उपासनेनंतर प्रीतिभोजन. त्यात रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी, दुसरं काही नाही. वांगी शेजारच्या सिंधूबाईच्या मळ्यातली. ती आमच्या धर्माची नाही, पण टोपली भरून पाठवते आणि पैसे देऊ केले की म्हणते, "देव तुमचा का आमचा, वांग्याले काय कळते?"

हा सगळा स्वयंपाक पुरुष करतात. रोडग्यांसाठी गहू जाडसर दळायचा, कणीक मळायची, तेल लावून पदरावर पदर द्यायचा, गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. वरून राख. भाजला की फडक्यावर झटकायचा, फोडायचा आणि तुपात बुडवायचा. एरवी पाण्याचा तांब्या कुठे असतो हे विचारणारी माणसं त्या दिवशी बाह्या सारून धुरात उभी असतात, डोळे पुसत असतात आणि एकमेकांना सल्ले देत असतात. आम्ही बायका लिंबाखाली बसून बघतो. पहिली पंगत आमची. कुणी वाढायला वाकलं आणि त्याच्या हातून वरण सांडलं, की आम्ही तेच बोलतो जे वर्षभर आम्हाला ऐकावं लागतं. फार बरं वाटतं.

पण त्या दिवसाची खरी गोष्ट वेगळीच आहे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांना आम्ही वडील म्हणतो, आणि त्यांच्यात एक मुख्य वडील असतो. त्याला हार नाही, शाल नाही, खुर्ची नाही. त्याचं काम या जेवणात सुरू होतं. सगळ्यांच्या उष्ट्या पत्रावळी तो एकटा उचलतो. बायकांच्या, पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या. सगळे उठले, सगळं झाडून झालं की मग तो जेवायला बसतो. म्हणतात, फार पूर्वी वेगवेगळ्या जातींतली माणसं पहिल्यांदा इथं एका पंगतीला बसली. जेवली तर खरी, पण नंतर उष्टी कोण काढणार यावर सगळे एकमेकांकडे बघत बसले. तेव्हा त्या वेळचे मुख्य वडील उठले, धोतर खोचलं आणि पहिल्या पत्रावळीला हात घातला. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, मग आपल्याला पत्रावळी जड कशाला व्हाव्यात, असा त्यांचा साधा हिशेब. तेव्हापासून हे चालत आलं आहे.

आता प्रश्न उरतो, मुख्य वडिलांची स्वतःची पत्रावळ कोणी उचलायची? ती उचलतो त्याच्या आधीचा मुख्य वडील. एवढंच. ज्यानं कारभार सोडला त्यानं येऊन, वाकून, नव्या माणसाचं उष्टं उचललं की नवा माणूस मंडळीचा झाला. दादा कितीतरी वर्षं मुख्य वडील होते आणि त्यांची पत्रावळ उचलायला म्हातारे याकोबआजोबा काठी टेकत यायचे. त्या सुगीच्या आदल्या साली आजोबा प्रभूमध्ये निजले.

इथं मला एक बोलू द्या. आम्ही बायका रोज घरभराचं उष्टं काढतो, त्याला कोणी पुढारीपण म्हणत नाही. पुरुषानं वर्षातून एकदा काढलं की त्यावर प्रार्थना होते. हे मी एकदा पाळकसाहेबांना सांगितलं, तर ते हसले आणि पुढच्या रविवारी नेमका तोच उपदेश केला. माझं नाव मात्र घेतलं नाही.

तर त्या वर्षी नाताळ झाला, नवं साल लागलं आणि वडिलांची निवड आली. दादांचं नाव दरवर्षी बिनविरोध पुकारलं जायचं. त्या वर्षी कोणीतरी आमच्या ह्यांचं नाव सुचवलं. हे उठून 'नको' म्हणतील असं मला वाटलं. हे उठले, शर्ट सारखा केला आणि 'प्रभूची इच्छा' म्हणाले. प्रभूची इच्छा काय होती ते प्रभू जाणे, ह्यांची होती हे मला शेजारी बसून दिसत होतं. चिठ्ठ्या टाकल्या आणि हे निवडून आले. दादांनी येऊन हात मिळवला, 'जय ख्रिस्त' म्हणाले आणि घरी गेले. पुढच्या रविवारी खिडकीशेजारची त्यांची जागा रिकामी होती. त्याच्या पुढच्या रविवारीही होती.

भजनाला ढोलकी दादांची असायची. त्या दिवसांत पेटी एकटीच वाजायची, आणि गाणारे कुठे थांबायचं ते न कळून एकमेकांच्या अंगावर आदळत होते.

मी जाऊबाईंना भेटायला गेले. त्या तुरी पाखडत होत्या. म्हणाल्या, दादांना हरल्याचं काही नाही, धाकट्यानं आधी सांगितलं नाही याचं आहे. घरात बसून एकच वाक्य बोलतात, "उभं राह्यचं होतं त मले सांगाचं, मीच त्याचं नाव घेतलं असतं." मग जाऊबाईंनी सूप खाली ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "पण खरं सांगू का? इतके सालं लोकाईचं उष्टं उचललं, अन् एका चिठ्ठीनं रुसून बसले. मंग ते उचलनं कोनासाठी होतं?" जाऊबाई शाळेत फार गेल्या नाहीत, पण दादांना त्यांच्याइतकं कोणी वाचलेलं नाही. मला ते बोलणं लागलं. खाली वाकण्याचीही माणसाला सवय होते, आणि सवयीची पुढे खुर्ची होते. मग ती खुर्ची दुसऱ्यानं घेतली की दुखतं. माणूस पुढं असला काय आणि मागं असला काय, पहिला नंबर त्याला हवाच असतो.

इकडे आमच्या घरी वेगळीच गडबड सुरू झाली. ह्यांनी सणाचं टाइमटेबल केलं. रोडगे किती वाजता पुरायचे, पंगत किती वाजता बसायची, किती वाजता उठायची. लाउडस्पीकर ठरवला. आणि एक दिवस चिखलीहून कागदाच्या चकचकीत प्लेटांचे गठ्ठे आणि दोन मोठे ड्रम घेऊन आले. म्हणाले, यंदा पळसाच्या पत्रावळी नाहीत. ज्यानं त्यानं जेवून आपली प्लेट ड्रममध्ये टाकायची. स्वच्छता राहते, वेळ वाचतो, आणि कोणी कोणाचं उष्टं का उचलावं, सगळे सारखे. ऐकायला सगळं बरोबर होतं. नोकरीतही त्यांचं असंच असायचं, गाडी का नाही हे ते इतकं व्यवस्थित सांगायचे की प्रवासी आभार मानून परत जायचे.

मी चहा दिला आणि विचारलं, खरं कारण काय. आधी पुन्हा स्वच्छता झाली. मग चहा संपला. मग हे गठ्ठ्याची सुतळी सोडत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "दादा येनार नाही. मंग माही पत्रावळ कोन उचलन? सगळ्या मंडळीसमोर तशीच पडून राह्यन ते."

मला हसू यायचं ते आलंच नाही. पन्नाशी उलटलेला माणूस, बसस्थानकभर आवाज घुमवणारा, आणि त्याला धास्ती कसली, तर आपल्या समोरची पत्रावळ कोणी उचलणार नाही याची. त्या क्षणी मला ते फार जवळचे वाटले. मी म्हटलं, जा ना दादांकडे. ते म्हणाले, कोणत्या तोंडानं जाऊ. दोन्ही भावांचं तोंड एकच आहे, तसंच लांब, हे मी बोलले नाही. महिना होत आला होता, आणि दादा सणाच्या दिवशीही आले नाहीत, तर मग ते कधीच येणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

सणाचा रविवार उगवला तो लख्ख. रोडगे असे काही भाजले गेले की फोडल्याबरोबर पदर सुटत होते. सिंधूबाईची वांगी तोंडात विरघळत होती. वेदीपुढे भोपळे होते, तुरी होत्या, कोंबडीही होती आणि ती बोललीही. दादा नव्हते. जाऊबाई एकट्याच आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

पंगत बसली. हे माईकपाशी उभे. "वरण पूर्वेकडच्या रांगेत जाऊ द्या. ज्यांचं जेवण झालं आहे त्यांनी आपली प्लेट ड्रममध्ये टाकून जागा मोकळी करावी." लोक शहाण्यासारखे उठत होते, प्लेट टाकत होते आणि हात धुऊन निघत होते. कोणी कोणासाठी थांबत नव्हतं. एरवी मुख्य वडील पत्रावळ उचलायला खाली वाकला की म्हातारी माणसं त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, कोणी आणखी एक रोडगा मागून घेतं, कोणी आपलं दुखणं सांगतं. त्या दिवशी सगळं टायमावर चाललं होतं आणि मला रडू येत होतं.

दुपार झाली तसा वारा सुटला. माघातला तो वारा आधी लिंबाची पानं हलवतो, मग पदर उडवतो. पत्रावळ पडताक्षणी उचलली जायची, त्यामुळे इतकी वर्षं वाऱ्याच्या हाती काही लागत नव्हतं. आता दोन्ही ड्रम काठोकाठ भरून वर प्लेटांचे ढीग झाले होते. वाऱ्याचा एक झपाटा आला आणि वरच्या प्लेटा उठल्या. दुसरा आला आणि एक ड्रमच आडवा झाला. वरणाच्या, तुपाच्या, वांग्याच्या देठांच्या प्लेटा कुंपणावरून उडत गेल्या आणि दादांच्या हरभऱ्यात उतरल्या. आख्खी पंगत हरभऱ्यात जाऊन बसली. हे माईकवर ओरडत होते, "प्लेटा धरा, प्लेटा धरा," पण प्लेटा काही प्रवासी नव्हत्या. बायका हसून लोळायच्या बाकी होत्या. पोरं कुंपणाकडे धावली.

तेवढ्यात शेताच्या पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दादा दिसले. काय बघायला आले होते, ते आम्ही कधी विचारलं नाही. हात वर करून त्यांनी पोरांना अडवलं. "सगळे नका शिरू बे. वाळला हरभरा हाय, पाय पडले त घाटे झडतात."

पोरं थांबली. घाट्यांनी, म्हणजे शेंगांनी, लगडलेला हरभरा तोंडाशी आलेला, त्यात वीस पाय नाचले तर दादांचं वर्षाचं पीक मातीत. आता कोण जाणार? सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माईक लिंबाच्या खोडाशी ठेवला. इस्त्रीची पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, बूट काढले आणि कुंपणाच्या तारेखालून वाकून, जवळजवळ रांगतच, भावाच्या शेतात शिरले. एका सरीत पाय ठेवून ते एकेक प्लेट उचलू लागले. प्रत्येकीसाठी वाकायचं, घाटे सांभाळून हात घालायचा, हाताला वरण, बाहीला तूप. आम्ही सगळे कुंपणाशी उभे राहून बघत होतो. कोणी हसत नव्हतं.

थोडा वेळ दादाही नुसते बघत उभे होते. मग त्यांनी पायजमा वर खोचला आणि धुऱ्यावरून खाली उतरले. तिकडून तेही उचलू लागले. दोन्ही भाऊ दोन टोकांनी वाकत वाकत येत होते. जाऊबाईंनी माझा हात धरला आणि तो इतका दाबला की बांगडी रुतली.

मध्ये गाठ पडली तेव्हा दोघांच्या हातात प्लेटांच्या चळती होत्या. वारा आता पडला होता, म्हणून बोलणं ऐकू आलं. दादा म्हणाले, "जेवला का बे?"

"नाही."

"काऊन?"

ह्यांनी हातातली चळत सावरली. मग ज्या आवाजात ते कधी बोलत नाहीत, तशा बारीक आवाजात म्हणाले, "तुले न सांगता उभा राह्यलो, चुकलं माह्यं. तू आल्याशिवाय कसा जेवू, दादा?"

दादांनी हातातली चळत धाकट्याच्या चळतीवर ठेवली. ह्यांची हनुवटी तिच्यामागे झाकली गेली. "मी बी कुठं जेवलो," दादा म्हणाले. "रुसलो होतो ना. चाल, वाढ मले."

घरी निघालेली माणसं थांबली. निखाऱ्यात थोडे रोडगे उरले होते, ते कोणी झटकले, कोणी वरण गरम करायला ठेवलं. ह्यांनी हात धुतले, सतरंजी झटकली, दादांना बसवलं आणि वाढलं. पुरुष कसं वाढतात ते मी सांगितलंच आहे, वरण सांडलं. दादांनी दोन घास खाल्ल्यावर ह्यांना ओढून शेजारी बसवलं. पेटी वाजवणारा पोरगा पेटी घेऊन आला, कोणीतरी दादांच्या पाठीशी ढोलकी ठेवली. गर्दी पांगायच्या ऐवजी वाढली. लोक पुन्हा बसले आणि पुन्हा खायला लागले. टाइमटेबल कुठं उडालं ते वाऱ्यालाच माहीत.

हे दिवस आले की मला हे सगळं एवढ्यासाठी आठवतं की मंडळीत पुढं होणाऱ्या पुरुषांबद्दल मी पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. नम्र व्हा, सेवक व्हा. सगळे मान हलवतात. पण वाकावं लागतं ते नेमकं तिथं, जिथं आपलं नाक वर असतं, आणि बहुतेक वेळा ते आपल्याच भावापुढे असतं. परक्याचे पाय धुणं त्या मानानं सोपं. त्या दिवसानंतर आमचे हे फार बदलले असं मी म्हणणार नाही, माईक अजून आहेच. पण जेवण झालं की आता स्वतःचं ताट उचलतात, माझंही उचलतात आणि ते उचलल्याचं पुकारून सांगतात. मी तेवढं चालवून घेते.

त्या दुपारी जेवण संपलं तेव्हा दोघंही उठेनात. दादांनी ह्यांच्या प्लेटेला हात घातला, आणि त्याच वेळी ह्यांनी दादांच्या. दादा म्हणाले, सोड, आधीच्या वडिलाचा मान हाय हा. हे म्हणाले, मुख्य वडील मी, सगळ्याईचं उष्टं मी उचलणार, तुह्यं बी. ओढाओढीत उरलंसुरलं वरण दोघांच्या अंगावर आलं. शेवटी एकमेकांची प्लेट घेऊन दोघं उठले आणि ड्रमापर्यंत भांडत गेले. महिनाभरानंतर ते दोघं भांडत होते, आणि मी आणि जाऊबाई, दोघी डोळ्यांना पदर लावून, ते भांडण संपू नये म्हणून ऐकत होतो.